पाकटांच्या बाळंतपणाचा किनारा

गुरुवार, मॉस लँडिंग

ऑगस्टचा शेवटचा आठवडा मुद्दाम धरला होता. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर या दिवसांत लोक लाटांसाठी आणि उन्हासाठी येतात. भाची आणि मी निघालो होतो पाकटांसाठी, त्यातही गाभण पाकटांसाठी. पाकट म्हणजे स्टिंगरे: चपटं अंग, बारीक शेपूट, शेपटीवर विषारी काटा. उन्हाळ्यात त्यांच्या माद्या उथळ, कोमट पाणी शोधत किनाऱ्याला येतात आणि उन्हाळा सरता सरता पिल्लं घालतात. भाची सागरी जीवशास्त्र शिकते. "मामा, एरवी आलास तर नुसते मासे दिसतील," ती म्हणाली. "आत्ता आलास तर ते तिथे का आहेत ते दिसेल."

सुरुवात एल्कहॉर्न स्लूपासून. मॉन्टेरे उपसागराच्या बरोबर मध्यावर ही खाडी आत शिरते. बाहेरच्या समुद्रात हात बुडवला तर भर उन्हाळ्यातही बोटं बधिर होतात, कारण तळातलं गार पाणी वर येत राहतं. खाडीत तासभर कयाक वल्हवत गेलो आणि पुन्हा हात घातला, तर पाणी चक्क सुखाचं. चिखलाचे उथळ पट्टे दिवसभर तापतात आणि भरतीचं पाणी त्यांच्यावरून पसरताना ती ऊब घेतं. इथल्या पाकटांना एवढं कारण पुरतं.

इथली जात बॅट रे. पाण्यातून दोन काळी टोकं एकदम वर आली आणि पुढच्या कयाकमधल्या बाईंनी "शार्क!" म्हणून ओरडून घेतलं. ती टोकं एकाच बॅट रेच्या दोन पंखांची होती. उथळ पाण्यात पोहताना पंख वर उचलले की असंच दिसतं. नर-मादीची जोडी दिसली असती तर आणखी गोंधळ झाला असता: यांच्यात नर मादीच्या खाली, तिच्या पोटाला पाठ लावून पोहतो आणि तिच्या पंखांच्या ठेक्याशी आपला ठेका जुळवत राहतो. जुळलं की समागमाचा अवयव वर वळवतो. पोहणं थांबत नाही.

बॅट रेची मादी पाच-एक वर्षांची झाल्यावर वयात येते आणि गर्भ नऊ ते बारा महिने वाढतो. पिल्लं बहुतेक वेळा दहाच्या आतच. माशांच्या जगात हा आकडा हास्यास्पद आहे. कॉडची एक मादी एका हंगामात लाखो अंडी सोडते. म्हणून या खाडीत १९५१ ते १९९५ या काळात शार्क आणि पाकटं मारण्याच्या ज्या स्पर्धा होत, त्यांचा विचार आला की मला चीड येते. बॅट रे शिंपल्यांच्या शेतीची नासधूस करतात हा एक जुना आरोप. स्पर्धा भरायच्या उन्हाळ्यात, म्हणजे माद्या पोटुशी अवस्थेत आत येतात नेमक्या तेव्हा. गळाला लागलेल्या एका मोठ्या मादीबरोबर किती जीव गेले ते तराजूवर कधी दिसलं नाही.

शुक्रवार, दक्षिणेकडे

दिवस गाडीत गेला. हायवे लांब, देखावा तास-दीड तास चांगला आणि मग तोच तो. त्यामुळे भाचीचा तास रंगला.

बहुतेक मासे अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडून मोकळे होतात. पाकटं आणि शार्क यांचं तसं नाही. त्यांच्यात फलन मादीच्या पोटात होतं. नराच्या मागच्या परांच्या आतल्या कडेला दोन नळकांडी असतात, त्यांना क्लास्पर म्हणतात. पोरवयात ती मऊ आणि आखूड असतात. नर वयात आला की त्यांतल्या कूर्चेत चुना भरतो आणि ती कडक होतात. त्यामुळे जाळ्यात आलेला नर वयात आलाय का हे कळायला त्याला फाडावं लागत नाही, बोटाने वाकवून पाहिलं की पुरतं. एका वेळी दोहोंपैकी एकच वापरात येतं.

मादीला धरायला नराकडे हात नाहीत, म्हणून तो तिच्या पंखाची कड चावून धरतो. आता गंमत अशी की अटलांटिक स्टिंगरेच्या नराचे दात एरवी मादीसारखेच सपाट असतात, कवचं चिरडायला योग्य. समागमाचा हंगाम आला की नवे दात टोकदार येतात आणि हंगाम संपला की पुन्हा सपाट. पाकटांचे दात आयुष्यभर झडत-येत राहतात म्हणून हे जमतं. मादीकडेही उपाय आहे: तिची कातडी नरापेक्षा जाड असते.

"आणि वाळूत पुरून बसलेली मादी त्याला सापडते कशी?" मी विचारलं.

"विजेवर."

पाकटाच्या तोंडाभोवती बारीक छिद्रांचं जाळं असतं, आत जेलीने भरलेल्या नळ्या. त्यांना लोरेंझिनीच्या कुप्या म्हणतात. कुठलाही जिवंत प्राणी पाण्यात क्षीण विद्युतक्षेत्र निर्माण करतो, आणि श्वासाबरोबर ते कमीजास्त होतं. गल्फ ऑफ कॅलिफोर्नियातल्या राउंड स्टिंगरेवर टिमोथी ट्रायकस आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं की नर पुरलेल्या माद्यांना याच क्षेत्रावरून शोधतात. शिकारीसाठी असलेलं इंद्रिय लग्न जुळवायलाही कामी येतं.

मग कॅलेंडर. फ्लोरिडाच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये दोन सख्खी शेजारी पाकटं राहतात. अटलांटिक स्टिंगरेचा समागम हिवाळाभर चालतो, पण अंडी सुटतात वसंतात. मधल्या काळात समागम का चालू ठेवायचा हे कोडंच वाटतं. पिल्लं मात्र चारेक महिन्यांत, उन्हाळ्यातच. दुसरी जात ब्लंटनोज स्टिंगरे. तिच्यात उन्हाळ्याच्या तोंडाला फलन होतं, आणि मग गर्भ तसाच थांबून राहतो. नऊ-दहा महिने जवळजवळ काही घडत नाही. पुढच्या वसंतात तो एकदम वाढायला लागतो आणि काही आठवड्यांत पिल्लू तयार. एकच पाणी, एकच तापमान, तरी दोन वेगळी वेळापत्रकं. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट आहे.

शनिवार, सील बीच

सील बीच राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य नौदलाच्या शस्त्रागाराच्या आवारात आहे, त्यामुळे मनात आलं आणि गेलो असं होत नाही. ठरलेल्या दिवशी फेरी असते, आधी नाव द्यावं लागतं. बरोबरचे सगळे दुर्बिणी घेऊन आलेले, पक्ष्यांसाठी. आम्ही दोघंच पाण्याकडे बघणारे.

इथे भरतीच्या पाण्याची तळी आहेत. बंदराच्या वाढीत जी उथळ जागा बुजली तिची भरपाई म्हणून ती पुन्हा समुद्राला जोडून दिली. तयार केली माशांसाठी आणि पक्ष्यांसाठी. राउंड स्टिंगरेच्या माद्यांनी त्यांचं आपल्यापुरतं प्रसूतिगृह करून टाकलं. लाँग बीचच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी इथे माद्यांना ध्वनी सोडणाऱ्या खुणा लावून त्यांचा माग काढला. उन्हाळ्यात आत येणारी पाकटं जवळजवळ सगळी मोठ्या माद्या, त्यातल्या बहुसंख्य गाभण. पाणी बाहेरच्या समुद्राहून बरंच गरम. हंगामाच्या मध्यावर गर्दी असते आणि पुढे ती ओसरते. आम्ही ओसरतीत पोचलो होतो.

पाण्यावर तिरपं ऊन होतं, तळ दिसेना. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर मात्र खळगे होते, ताटाएवढे, गोल, एकाला लागून एक. पाकटं तोंडाने पाणी फुंकून आणि पंख फडफडवून चिखलातले किडे-शिंपले उकरतात, त्याचे हे खळगे. गाइडने आमचं कुतूहल पाहून दोन मिनिटं जास्त थांबवलं, हे त्याचे उपकार.

उबेने नेमकं काय साधतं? पाकट थंड रक्ताचं. त्याचं शरीर पाण्याइतकंच गरम, आणि गर्भाची वाढ तापमानावर चालते. अटलांटिक स्टिंगरेवरच्या प्रयोगात गाभण माद्यांनी इतरांपेक्षा साधारण एक अंश जास्त गरम पाणी पसंत केलं. एवढ्या फरकाने गर्भकाळ दोन आठवड्यांपर्यंत घटू शकतो, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. राउंड स्टिंगरेचा अख्खा गर्भकाळच तीनेक महिन्यांचा. त्यात दोन आठवडे वाचले तर पिल्लाला पाणी गार व्हायच्या आत खायला आणि वाढायला तेवढाच जास्त वेळ.

संध्याकाळी गावातल्या लाकडी धक्क्यावर गेलो. लोक गळ टाकून बसले होते. एका मुलाच्या गळाला राउंड स्टिंगरे लागली, वर ओढली, फळ्यांवर आपटली, आणि तिच्या शरीरातून एक पिल्लू बाहेर पडलं, मग दुसरं. भोवती घोळका जमला, फोन निघाले, कोणी टाळ्याही वाजवल्या. "ती बाळंत झाली!"

भाची पुढे गेली. तिने त्या मुलाला शांतपणे सांगितलं की हे बाळंतपण नाही, गर्भपात आहे. पकडल्याच्या ताणाने पोटुशी पाकटं आणि शार्क पिल्लं टाकतात. २०१८ साली एका आढाव्यात अशा ८८ प्रजातींची नोंद झाली, म्हणजे हा अपवाद नव्हे. दिवस भरत आलेले असतील तर पिल्लू जगू शकतं. ही दोन्ही पूर्ण घडलेली होती, हाताच्या तळव्यात मावतील एवढी, अंगाची तबकडी सात-एक सेंटिमीटर. पंखांच्या कडा अजून आत वळलेल्या. पोटात पिल्लू पंखांची सुरळी करूनच बसतं, आणि शेपटीचा काटा मऊ आवरणात असतो. आईला इजा न होता ते बाहेर येऊ शकतं ते याचमुळे. मुलाने चिमट्याने गळ काढला, आई आणि पिल्लं बादलीतून खाली नेऊन पाण्यात सोडली. त्याला कोणी तसं सांगितलं नव्हतं. पुढे काय झालं ते वरून दिसलं नाही.

रविवार, सॅन गेब्रिएलचं मुख आणि लाँग बीच

सील बीचच्या उत्तर टोकाला सॅन गेब्रिएल नदी समुद्राला मिळते. नदी म्हणायची पद्धत आहे. शेवटच्या टप्प्यात ती काँक्रीटच्या आणि दगडांच्या काठांमधली सरळ वाहिनी आहे. वरच्या अंगाला दोन विद्युतकेंद्रं. यंत्रं थंड करायला समुद्राचं पाणी घ्यायचं आणि तापलेलं नदीत सोडायचं, असं दशकानुदशकं चाललं. परिणामी मुखापाशी वर्षभर कोमट पाणी, आणि त्यात इतके राउंड स्टिंगरे की सर्फ करणाऱ्यांनी जागेचं नावच 'रे बे' पाडलं. जीवरक्षकांकडे दर वर्षी शेकडो दंश येतात. उपचार साधा: सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं.

"मामा, पाय उचलून टाकू नकोस, घासत चल." वाळूत पाय सरपटत नेला की पाकटाला धक्क्याची चाहूल लागते आणि ते सरकतं, वरून पाय पडला तरच काटा उगारतं. गुडघाभर पाण्यात आम्ही दोघं असे चाललो की बघणाऱ्याला वाटावं, दोघांचेही गुडघे गेलेत. तीन-चार तबकड्या समोरून उडाल्या. लहान होत्या, याच वर्षीची पिल्लं असावीत. जन्मल्या दिवसापासून काटा वापरात, आणि आईकडून पुढे कसलीही देखभाल नाही.

देखभाल असते ती सगळी आधी, पोटात. दुपारी लाँग बीचच्या 'ॲक्वेरियम ऑफ द पॅसिफिक'मध्ये उथळ हौदात हात घालून पाकटांना स्पर्श करता येतो. (काटे छाटलेले असतात, नखांसारखे पुन्हा वाढतात.) एका मादीच्या पंखाच्या कडेवर अर्धवर्तुळात टोचल्याच्या जुन्या खुणा होत्या. शेजारची मुलगी विचारत होती, "तिला कोणी चावलं?" तिच्या आईने विषय बदलला.

पाकटं अंडी घालत नाहीत. अंडी घालतात त्यांच्या नात्यातले स्केट. किनाऱ्यावर सापडणाऱ्या चौकोनी शिंगाळ्या पिशव्या त्यांच्या. पाकटाचं अंडं आईच्या पोटातच फुटतं आणि सुरुवातीला गर्भ स्वतःच्या बलकावर जगतो. तो पुरा पडणारा नसतो. मग गर्भाशयाच्या आतल्या अस्तरावर हजारो बारीक धागे वाढतात, ट्रोफोनेमाटा, आणि त्यांतून दाट, स्निग्ध, प्रथिनांनी भरलेला स्राव झरू लागतो. त्याला सरळ गर्भाशयातलं दूधच म्हणतात. गर्भ ते पितो, त्वचेतून शोषतो. अंड्यात होतं त्याच्या कितीतरी पट वजनाचं पिल्लू शेवटी बाहेर येतं. बऱ्याच जातींत एकच, डावं अंडाशय काम करतं, तरी एवढी मजल.

या दुधाचं एक फार जुनं आणि फार बारकाईचं वर्णन बंगालच्या उपसागरातल्या पाकटावरून झालेलं आहे. 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजाशी संबंधित जेम्स वुड-मेसन आणि आल्फ्रेड अल्कॉक यांनी १८९१ मध्ये फुलपाखरी पाकटाच्या गर्भाशयात पाहिलं की हे धागे गर्भाच्या डोळ्यांमागच्या श्वसनछिद्रांतून थेट त्याच्या घशात शिरलेले आहेत. पिल्लाने तोंड उघडायचीही गरज नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अविश्वासाने चित्र शोधायला गेलो होतो.

पण आईच्या शरीरातून दूधच जातं असं नाही. सील बीचच्या वाळूवरून पश्चिमेला पालोस व्हर्डेसची टेकडी दिसते. टॉरन्समधल्या कारखान्याने १९४७ ते १९८२ डीडीटी बनवलं, आणि सांडपाण्यातून त्याचा मोठा साठा त्या टेकडीपुढच्या समुद्रतळावर साचला. राउंड स्टिंगरे तळातलेच किडे आणि शिंपले खातो. केडी लायन्स आणि ख्रिस लो यांनी २०१३ मध्ये दाखवलं की मादी अंड्याच्या बलकातून आणि दुधातून डीडीटी, पीसीबी ही विषं पिल्लांकडे पोचवते. नर ती आयुष्यभर साठवत जातो. मादीचा भार दर विणीला थोडा हलका होतो, पिल्लांच्या वाट्याला जाऊन. एकाच विणीतल्या पिल्लांचे बाप बरेचदा वेगवेगळे असतात, हे याच किनाऱ्यावरच्या जनुकीय तपासणीतून कळलं. विष मात्र सगळ्यांना एकाच आईचं.

सोमवार, ला होया

पाकटांची रजा. ला होया शोअर्सच्या दक्षिण टोकाला नळी-चष्मा लावून उतरलो ते लेपर्ड शार्कसाठी. लांबीला माणसाच्या जवळपास, अंगावर काळे पट्टे, आणि माणसाबाबत पूर्ण उदासीन. कमरेएवढ्या पाण्यात वीस-पंचवीस एकत्र फिरत होत्या. स्त्रीलिंग मुद्दाम: इथे उन्हाळ्यात जमणारा मेळा जवळजवळ सगळा प्रौढ माद्यांचाच, त्यांतल्या बहुतेक गाभण. यांच्या गर्भाला दूध नाही, बलकावरच भागवायचं, तरी सवय पाकटांचीच. दिवसा या कोपऱ्यातल्या शांत, उथळ, कोमट पाण्यात, रात्री बाजूच्या खोल दरीकडे खाण्यासाठी. पलीकडे शंभरेक पावलांवर पाणी गार आहे आणि तिथे शार्क नव्हत्या.

या दोन प्राण्यांना दूध, बलक, विण्याचा काळ यांपैकी काहीही एकसारखं नाही. ऊब तेवढी एकसारखी. एवढ्यासाठी ला होयाचा दिवस सार्थकी लागला.

शेवटी वाळूत पुरलेला एक गिटारफिश (पाकटांच्याच नात्यातला) आणि दोन राउंड स्टिंगरे दिसले. पाकटांपैकी एकाच्या मागे क्लास्पर स्पष्ट दिसत होते. मी बोट दाखवलं तर भाचीने पाण्यातच अंगठा वर केला.

मंगळवार, सॅन डिएगो उपसागर

राउंड स्टिंगरेचं शास्त्रीय नाव युरोबॅटिस हॅलेरी. जेम्स ग्रॅहम कूपर यांनी १८६३ मध्ये ते ठेवलं, मेजर हॅलर यांच्या लहान मुलावरून. हा मुलगा या उपसागराच्या काठाशी पाण्यात खेळत होता आणि त्याच्या पायाला काटा बसला. चावणाऱ्या-टोचणाऱ्याला त्याच्या बळीचं नाव, ही रीत मला पसंत आहे. जातीच्या प्रजननाचं पहिलं सविस्तर काम यायला त्यानंतर शंभरावर वर्षं गेली: जॉन बेबल यांचं १९६७ चं. समागम उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पिल्लं ऑगस्ट ते ऑक्टोबर, एका वेळी एक ते सहा; आजही लोक इथूनच सुरुवात करतात.

उपसागराच्या दक्षिण टोकाला चुला व्हिस्टात विद्युतकेंद्र होतं. त्याच्या गरम पाण्यात हिरवी समुद्री कासवं जमायची. ते २०१० च्या अखेरीस बंद झालं, २०१३ मध्ये सुरुंग लावून पाडलं. आता तिथे मोकळी जागा आहे, बघण्यासारखं काही नाही. कासवं उपसागरात अजून आहेत. सॅन गेब्रिएलच्या काठावरच्या केंद्रांनाही समुद्राचं पाणी वापरून यंत्रं थंड करणं सोडायचं आहे. २०१० च्या राज्य धोरणाने तसं ठरवलं, मुदती पुढे ढकलल्या जातायत एवढंच.

परतीच्या रस्त्यावर यावरूनच वाद झाला. भाचीचं म्हणणं, नदीमुख गार झालं की माद्या अभयारण्यातल्या तळ्यांकडे वळतील, कारण ती उन्हाने तापतात, वीज लागत नाही. मला वाटतं काही वर्षं तरी जुन्या जागी येत राहतील. उथळ वाळू आणि खाणं तिथेही आहेच. पैज लागली आहे. निकाल लागायचा तर आधी केंद्र बंद व्हायला हवं.